हौद्याला चिलखत घालताना

घरच्या पिकअपला 'स्प्रे लायनर' मारून घ्यायचा का? घरातला शिकलेला मेंबर म्हणून हा प्रश्न तुमच्याकडे येणारच. त्याआधी हा थोडा होमवर्क!

प्रत्येक वर्गात अशी पाच-सात पोरंपोरी असतातच, ज्यांच्या घरी कार नसते, पण पिकअप असते. सकाळी टोमॅटोचे कॅरेट, दुपारी खताच्या गोण्या, लग्नसराईत मंडपाचं सामान आणि गणपतीत थेट बाप्पा! घरखर्च, होस्टेलची फी, गाडीचा हप्ता, सगळं त्या एका हौद्यातून निघतं. अशा घरातल्या कॉलेजवाल्याकडे दोन खाती कायमची असतात. एक, मोबाइलचं रिचार्ज करणं आणि दोन, 'हे खरं आहे का बघून सांग' या सदरातल्या प्रश्नांची उत्तरं देणं.

सध्या त्या सदरात एक व्हिडिओ जोरात फिरतोय. मास्क घातलेला माणूस पिकअपच्या हौद्यात उभा राहून काळा फवारा मारतो. अर्ध्या मिनिटात चकचकीत पत्रा खरखरीत, काळाकुट्ट आणि जबरदस्त 'रग्ड' दिसायला लागतो. मग त्यावर हातोडा आपटला जातो, फावडं घासलं जातं, पण ओरखडाही उठत नाही. पाठोपाठ पप्पांचा किंवा काकांचा मेसेज, 'आपल्या गाडीला करायचं का?'

उत्तर 'हो' किंवा 'नको' इतकं सोपं नाही. पण अवघडही नाही. फक्त प्रश्न जरा बदलावा लागतो. 'कुठला स्प्रे भारी?' हे नंतर. आधी, 'आपल्या हौद्यात जातं काय?'

कलिंगडवाली करामत

हे प्रकरण मूळचं अमेरिकेतलं. तिकडे पिकअप ही नुसती मालाची गाडी नाही, घरची गाडी आहे. फोर्डची एफ-सिरीज तिथे चाळीसहून जास्त वर्षं सर्वाधिक खपाचा ट्रक आहे. लाखाची नवीकोरी गाडी घ्यायची आणि पहिल्याच विटांच्या फेरीत हौदा सोलवटून घ्यायचा, हे कुणालाच पटेना. त्यातून हौद्यावर जाड रबरासारखा थर फवारायचा धंदा उभा राहिला. यातल्या दोन बड्या नावांपैकी ऱ्हायनो लायनिंग्ज १९८८ मध्ये आणि लाइन-एक्स १९९३ मध्ये, दोन्ही कॅलिफोर्नियात सुरू झाल्या.

आपल्या पिढीला हे माहीत झालं ते मात्र कलिंगडामुळे. ऑस्ट्रेलियातल्या 'हाऊ रिडिक्युलस' या यूट्यूब चॅनेलच्या पोरांनी एका कलिंगडाला हाच थर दिला आणि ते ४५ मीटर उंचीच्या टॉवरवरून खाली टाकलं. साधं कलिंगड असतं तर सगळीकडे लाल चिखल झाला असता. हे पठ्ठं चक्क चेंडूसारखं उसळलं! कारण हा थर काचेसारखा कडक नसतो. तो ताणला जातो आणि पुन्हा जागेवर येतो.

आपल्याकडे आयसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स अशा हौशी पिकअपवाल्यांनी आधी हे करून घ्यायला सुरुवात केली. पण खरा हौदा झिजतो तो बोलेरो पिकअपचा, टाटा योद्धाचा आणि २००५ पासून गल्लोगल्ली धावणाऱ्या छोटा हत्तीचा, म्हणजे टाटा एसचा. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

हौदा मरतो कसा?

गाडीच्या रंगाचा थर किती जाड असतो, अंदाज करा. प्रायमर, रंग, चकाकी सगळं धरून साधारण ०.१ मिलिमीटर! म्हणजे वहीचं एक पान. त्या एका पानावर आपण रोज टनभर माल चढवतो आणि घासत उतरवतो.

पहिला शत्रू घासणं. वीट, वाळू, खडी, लोखंडी सळया रंग खरवडून काढतात. दुसरा शत्रू आपटणं. हमाल गोणी ठेवत नाही, टाकतो. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही टाकलीच असती. त्याने पत्र्याला पोचे पडतात. तिसरा आणि सगळ्यात बेरकी शत्रू ओल. पत्रा उघडा पडला की पाणी आणि हवा मिळून गंजाचं काम सुरू करतात. त्यात मीठ आलं की गंजाचा वेग वाढतो.

आता हे तीन शत्रू प्रत्येकाच्या गाडीत सारखे नसतात. दापोलीजवळच्या हर्णै बंदरातून मासळी नेणाऱ्या गाडीत बर्फाचं खारं पाणी दिवसभर ठिबकतं. तिथे घासणं कमी, गंज जास्त. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो नेणाऱ्या गाडीत प्लॅस्टिकचे कॅरेट येतात-जातात. तिथे दोन्ही बेताचं. खताच्या दुकानाची गाडी असेल तर फाटक्या गोणीतून सांडलेलं खत ओलं झालं की पत्रा खातं, कारण रासायनिक खतं बहुतेक क्षारच असतात. आणि विटा-वाळूवाल्याच्या गाडीत घासणं आणि आपटणं दोन्ही रोजचंच.

हौदा गंजला तर फक्त दिसायला वाईट एवढाच प्रश्न नसतो. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करून घ्यावं लागतं. तळाला भोकं पडलेली गाडी तिथे नेताना मालकाचा चेहरा कसा होतो, हे ज्याच्या घरी जुनी गाडी आहे त्यालाच माहीत. त्यात पत्रा बदलायचा म्हणजे गाडी चार दिवस उभी. भाडं बंद, हप्ता मात्र चालू.

पर्याय फक्त स्प्रेचाच नाही

व्हिडिओ बघून असं वाटतं की स्प्रे किंवा काहीच नाही. तसं मुळीच नाही.

पहिला पर्याय आपला जुनाजाणता चेकर्ड पत्रा, म्हणजे ठिपक्यांच्या नक्षीचा जाड लोखंडी पत्रा. कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडे मिळतो. आपटण्याला याच्यासारखा दुसरा वस्ताद नाही. पण दोन खोड्या आहेत. एक म्हणजे वजन. समजा हौद्याचा तळ २.५ बाय १.७ मीटर आहे. म्हणजे ४.२५ चौरस मीटर. तीन मिलिमीटर लोखंडाचा एक चौरस मीटर साधारण साडेतेवीस किलो भरतो. म्हणजे फक्त तळाचा पत्रा झाला शंभर किलोचा! दुसरी खोडी, वरचा पत्रा आणि खालचा मूळ पत्रा यांच्यामध्ये पाणी शिरतं आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. वरून गाडी ठणठणीत, आतून गंज चालू.

दुसरा पर्याय जाड रबरी मॅट. स्वस्त, काढता-घालता येते, माल घसरत नाही, आपटण्याचा धक्काही बराच शोषते. फक्त तीही ओल धरून ठेवते, त्यामुळे आठवड्याला उचलून हौदा धुवावा आणि वाळवावा लागतो. 'लागतो' आणि 'धुतला जातो' यात फरक आहे, हे तुम्हीही जाणता!

तिसरा पर्याय तयार प्लॅस्टिकचा साचा. बाथटबसारखा हौद्यात बसवायचा. हा हायलक्स, डी-मॅक्ससारख्या एकसंध हौद्याच्या गाड्यांना चालतो. तीन बाजूंचे फाळके खाली पडणाऱ्या आपल्या कामाच्या पिकअपला त्याचा उपयोग नाही. शिवाय साच्याखाली धूळ आणि पाणी अडकतं, साचा गाडीबरोबर थरथरतो आणि ती धूळच खालचा रंग घासून काढते.

चौथा, रोलरने किंवा साध्या कॉम्प्रेसरच्या गनने मारायचा जाड कोटिंग रंग. याचे किट डब्यात मिळतात. थर पातळ बसतो, पण साध्या रंगापेक्षा कितीतरी दणकट.

आणि पाचवा, व्हिडिओतला गरम स्प्रे. त्याच मापाच्या हौद्यात तळ आणि ४० सेंटिमीटर उंचीच्या चारही बाजू धरल्या तर साधारण ७.६ चौरस मीटर जागा होते. त्यावर दोन मिलिमीटरचा थर दिला तर वजन भरतं जेमतेम १५-१६ किलो. चेकर्ड पत्र्याचे शंभर किलो आठवा. फरक ८५ किलोंचा, म्हणजे २० किलोचे चार कॅरेट! आणि तोही प्रत्येक फेरीला.

डब्यावरची नावं वाचायची कशी?

दुकानात गेल्यावर पॉलियुरेथेन, पॉलियुरिया, हायब्रिड असे शब्द अंगावर येतात. केमिस्ट्रीवाल्यांनी जरा हसून घ्या, बाकीच्यांसाठी सोपं करून सांगते.

या सगळ्यांत दोन द्रव असतात. एक आयसोसायनेट गटातला. त्याला दुसरा कोण भेटतो त्यावर नाव ठरतं. पॉलिऑल भेटला तर पॉलियुरेथेन, अमाइन भेटला तर पॉलियुरिया. दोघांचं मिश्रण म्हणजे हायब्रिड. पॉलियुरियाची अभिक्रिया इतकी झटपट होते की काही सेकंदांत द्रवाचा घट्ट थर होतो. म्हणून दोन्ही द्रव वेगवेगळ्या पाइपांतून, साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला गरम करून, मोठ्या दाबाने आणतात आणि गनच्या तोंडाशीच त्यांची गाठ घालून देतात. ते मशीन महाग असतं, त्यामुळे प्रत्येक गॅरेजमध्ये दिसत नाही. हेच तंत्र आपल्याकडे गच्च्या आणि पाण्याच्या टाक्यांच्या वॉटरप्रूफिंगलाही वापरतात.

डब्यातला कोटिंग रंग सावकाश वाळतो, त्यामुळे साध्या गनने मारता येतो. पण एका वेळी जाड थर द्यायला गेलं तर ओघळतो. म्हणून तो पातळच राहतो.

मग कुठला चांगला? नावावर जाऊ नका, तीन गोष्टी विचारा.

पहिली गोष्ट जाडी. गरम स्प्रेचा चांगला थर साधारण दोन ते तीन मिलिमीटरचा असतो. दुकानदार कधीकधी 'मिल' हे माप सांगतात. त्याने गोंधळू नका. मिल म्हणजे मिलिमीटर नव्हे, इंचाचा हजारावा भाग. ८० मिल म्हणजे साधारण दोन मिलिमीटर. ही गल्लत करून कुणी '८० चा थर' म्हणून सांगितलं तर डोळे विस्फारू नका.

जाडी तपासायचा एक साधा हिशोब लक्षात ठेवा. या द्रवाची घनता पाण्याच्या जवळपास असते. त्यामुळे एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर थर द्यायला साधारण एक किलो माल लागतो. वरच्या मापाच्या हौद्याला दोन मिलिमीटरसाठी १५ किलोच्या पुढे माल हवा, शिवाय थोडा हवेत उडणारच. कुणी चार लिटरच्या किटमध्ये पूर्ण हौदा करून देतो म्हणाला, तर थर अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जाणार नाही. ते वाईट नाही, पण त्याचे पैसे दोन मिलिमीटरचे देऊ नका.

दुसरी गोष्ट ऊन. बहुतेक स्वस्त प्रकार ॲरोमॅटिक असतात. ते उन्हात हळूहळू फिके पडतात, वर पांढरट भुकटी येते. ॲलिफॅटिक प्रकार रंग टिकवतात, पण महाग पडतात. मधला मार्ग म्हणजे ॲरोमॅटिक थरावर ऊन झेलणारा एक पातळ टॉपकोट. मासळीच्या किंवा विटांच्या गाडीला फिक्या रंगाने काही अडत नाही. रोज धुऊन-पुसून इन्स्टावर टाकायची हायलक्स असेल तर अडतं!

तिसरी गोष्ट पोत. मऊ, रबरासारखा थर माल धरून ठेवतो, कॅरेट वळणावर घसरत नाहीत. पण तोच थर गोण्या ओढताना हमालांच्या जिवावर येतो. कडक आणि बारीक पोताच्या थरावरून गोणी सरकते. तुमच्याकडे माल उचलून ठेवतात की ओढून घेतात, यावर पोत निवडा. शक्य असेल तर वाळलेला नमुना मागून त्यावर गोणपाट घासून बघा. आणि हो, काळा हौदा एप्रिल-मे महिन्यात भाजून निघतो. पालेभाजी नेत असाल तर करड्या रंगाचा थर मिळतो का विचारा, नाहीतर खाली ओलं गोणपाट अंथरायची सवय ठेवा.

खरं काम स्प्रेच्या आधीचं

व्हिडिओत जे दाखवतात ती शेवटची पंधरा-वीस मिनिटं असतात. त्याआधीचे कित्येक तास कुणी रीलमध्ये टाकत नाही, कारण ते बघायला कंटाळवाणं असतं. पण थर पाच वर्षं टिकणार की पहिल्या पावसात पापुद्रे निघणार, हे तिथेच ठरतं.

आधी हौदा रिकामा करून सगळे हूक, बोल्ट काढायचे. मग धुवायचा. साधं पाणी पुरत नाही, तेल-ग्रीस काढणारं रसायन वापरावं लागतं. ग्रीसचं एक बोट राहिलं तरी तिथे थर चिकटत नाही. मग पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर मारून रंगाची चकाकी घालवायची. गुळगुळीत भिंतीला प्लास्टर धरत नाही म्हणून ती टोचतात ना, तसंच हे. गंज असेल तर तारेच्या ब्रशने चमकता पत्रा दिसेपर्यंत खरवडायचा आणि लगेच प्रायमर द्यायचा. पाणी जायची भोकं, बिजागऱ्या, फाळक्यांच्या कड्या टेपने झाकायच्या. आपल्या पिकअपचे फाळके रोज पन्नास वेळा उघडतात-मिटतात. थराची जाडी कडीत गेली तर फाळका नीट बसत नाही आणि एकदा कडीत घासायला लागला की थर कडेपासूनच सोलायला लागतो.

जुन्या गाडीत हा भाग आणखी महत्त्वाचा. गंजावरच स्प्रे मारला तर वरून गाडी नवी दिसते आणि खालचा गंज निवांत पसरतो. आता तो दिसतही नाही. थर काढायचा म्हटलं तर ग्राइंडरने तासन् तास खरवडावा लागतो. त्यामुळे तळाला भोकं पडली असतील तर आधी पत्रा बदला, मग लायनरचा विचार करा.

वेळही बघावी लागते. आयसोसायनेटला पाणी भेटलं तर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि थरात बुडबुडे येतात. म्हणून पत्रा कोरडाच हवा. कोटिंगवाले एक नियम पाळतात. दवबिंदूच्या तापमानापेक्षा पत्रा किमान तीन अंश गरम असला पाहिजे, नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल त्यावर धरते. कोकणात जुलै महिन्यात उघड्या शेडमध्ये हे काम करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः! दिवाळी ते होळी हा काळ सगळ्यात बरा. काम झाल्यावर थर काही मिनिटांत हाताला कोरडा लागतो, पण पूर्ण मुरायला वेळ घेतो. जड माल भरायला दोन-तीन दिवस थांबायची तयारी ठेवा आणि तेवढं भाडं हिशोबात धरा.

चिलखताला काय जमत नाही?

२०१६ मध्ये शेव्हर्लेने एक जाहिरात केली होती. दोन पिकअपच्या हौद्यांत लोडरने उंचावरून बागेचे सिमेंटचे ठोकळे ओतले. फोर्डच्या ॲल्युमिनियमच्या हौद्याला भोकं पडली आणि स्वतः शेव्हर्लेच्या पोलादी हौद्याला पोचे. जाहिरात स्पर्धकाला खिजवायला केली होती, पण आपल्याला त्यातून वेगळा धडा मिळतो. पोलादालाही पोचे पडतातच.

दोन-तीन मिलिमीटरचा थर धक्का थोडा शोषेल, ओरखडे आणि गंज अडवेल. पण पत्र्याची ताकद वाढवणार नाही. उंचावरून दगड टाकले तर थर शाबूत राहील आणि खालचा पत्रा वाकेल. कलिंगडासारखंच! म्हणून विटा-खडीवाल्यांसाठी चेकर्ड पत्राच बरा. नाहीतर आधी थर आणि त्यावर जाड रबरी मॅट अशी जोडी जमते. थर गंज अडवतो, मॅट आपटणं झेलते.

लायनर मारल्यावर हौद्याला वेल्डिंग करायचं झालं तर तेवढा थर जळतो. त्यामुळे वरची जाळी, ताडपत्रीच्या कड्या, कमानी जे काही बसवायचं ते आधी बसवून घ्या. चर पडली किंवा तुकडा निघाला तर तेवढी जागा घासून पुन्हा स्प्रे करता येतो. मात्र लगेच करायचा. उघड्या चरेतून पाणी आत शिरलं की ते थराखाली सरकत जातं.

मास्कमागचा माणूस

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

व्हिडिओतल्या त्या माणसाने पूर्ण तोंड झाकणारा, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क का घातलेला असतो? स्टाइल म्हणून नव्हे. आयसोसायनेटचे बारीक तुषार श्वासात गेले तर दमा होऊ शकतो. कामामुळे होणाऱ्या दम्याच्या कारणांमध्ये हे जगभर ओळखीचं नाव आहे. त्यातही वाईट गोष्ट अशी की एकदा शरीराने या रसायनाचा धसका घेतला की पुढे अगदी थोडा संपर्क आला तरी दम लागतो. मग ते काम सोडण्याशिवाय उपाय उरत नाही. त्वचेवर उडालं तरी धोका असतो. आणि वासावर भरवसा ठेवता येत नाही, कारण वास यायच्या आतच मात्रा घातक झालेली असू शकते.

आता आपल्या आसपासच्या स्प्रे पेंटिंगच्या शेड आठवा. तोंडाला रुमाल बांधून गन चालवणारी पोरं किती दिसतात? त्यातली कितीतरी आपल्याच वयाची, आयटीआय करून लागलेली. रुमाल धूळ अडवतो, हा वायू नाही. करोनातला निळा मास्कही इथे बिनकामाचा.

म्हणून दुकान निवडताना ब्रँडचा बोर्ड बघायच्या आधी स्प्रे करणाऱ्या माणसाचं तोंड बघा. हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, अंगभर सूट आणि हवा बाहेर फेकणारे पंखे असतील तर ते दुकान बाकीचं कामही नीट करत असण्याची शक्यता जास्त. जो आपल्या पोराच्या फुप्फुसाची काळजी घेत नाही, तो तुमच्या हौद्यातलं ग्रीस काय पुसणार?

आणि दोन डब्यांचं किट ऑनलाइन मागवून सोसायटीच्या पार्किंगमध्ये 'डीआयवाय' करायचा मोह होत असेल तर थांबा. रोलरने लावायला त्यातल्या त्यात धोका कमी, पण तुषार उडवणारी गन बंद जागेत नकोच. डब्यावरच्या बारीक अक्षरात आयसोसायनेट असं दिसलं तर ते वाक्य शेवटपर्यंत वाचा. घरात कुणाला दमा असेल तर विषयच संपला.

मग निर्णय काय?

गाडी नवी आहे, पत्रा कोरा आहे आणि मासळी, खत, दूध, ओली भाजी असा ओलीचा माल आहे, तर गरम स्प्रेचा खर्च वसूल व्हायची शक्यता सगळ्यात जास्त. कॅरेट आणि पार्सलसारखा हलका माल असेल तर डब्यातला कोटिंग रंग आणि रबरी मॅट एवढ्यात भागतं. वीट, वाळू, दगड असेल तर चेकर्ड पत्रा, पण आधी खालच्या पत्र्याला गंजरोधक थर देऊनच. आणि गाडी दोन वर्षांत विकायचीच असेल तर मॅट घ्या, उरलेले पैसे हप्त्यात भरा. सेकंडहँड घेणारा काळा थर बघून खूश होईलच असं नाही. 'खाली काय लपवलंय?' असंही तो विचारेल, आणि त्याचं चुकीचं नसेल.

ॲडव्हान्स देण्याआधी विचारा

• थर किती मिलिमीटरचा? तळाला आणि बाजूंना वेगळा आहे का?
• पूर्ण हौद्याला किती किलो माल लागणार?
• गरम मशीनचा स्प्रे की डब्यातलं किट?
• वर उन्हासाठी टॉपकोट आहे का? त्याचे पैसे वेगळे का?
• गंज काढणं, प्रायमर, बोल्ट काढून पुन्हा लावणं हे भावात धरलंय का?
• वॉरंटी भाड्याच्या, व्यावसायिक गाडीलाही लागू आहे का? लेखी देणार का?
• दोन वर्षांपूर्वी केलेली एखादी गाडी बघायला मिळेल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. आजच केलेलं काम कुणाचंही छानच दिसतं. दोन पावसाळे काढलेली गाडी दाखवतील तिथे जा. तिच्या कडा, कोपरे आणि फाळक्यांची वरची धार बघा, नखाने थर उचलून बघा. सोलायला सुरुवात तिथूनच होते.

आणि यातलं काहीही ठरवण्याआधी, पुढच्या सुट्टीत एक फुकटचं काम करा. हौदा रिकामा करा, स्वच्छ धुवा आणि एक बादली पाणी ओता. पाणी कुठे साचतं, कुठे भुरा रंग दिसतो, कुठे चरा पडल्यात, तिथे खडूने खुणा करा. ज्याने ती गाडी इतकी वर्षं चालवली, त्याला शेजारी उभं करून प्रत्येक खूण कशाने झाली ते विचारा. कुठल्या मालाने, कुठल्या फेरीत, ते सगळं त्याला तोंडपाठ असतं. त्या खुणांची यादी घेऊनच दुकानात जा. मग समोरचा व्हिडिओ दाखवायला लागला, तरी बोलणं तुमच्या हौद्यावरच राहील.